सरकारी संशोधन संस्थेला खुलं पत्र : बंद मशीनचे लाभार्थी मोजले कुणी?

प्रति,
मा. संचालक साहेब आणि मूल्यमापन समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. तुम्हाला दोन ओळींत कळेल की हे तुमच्याबद्दल आहे, आणि बाकी वाचणाऱ्यांनी आपापल्या ओळखीची कुठलीही सरकारी संशोधन संस्था डोळ्यासमोर आणली तरी फार काही बिघडणार नाही.

तुमचा नवीन अहवाल बघितला. तंत्रज्ञान, नवोपक्रम आणि सामाजिक परिणाम यांचं मूल्यमापन असं भारदस्त नाव, सगळा इंग्रजीत, जाड गुळगुळीत कागद. त्यात एका पानावर आमच्या घणसोलीच्या सोसायटीचा फोटो आहे, ओल्या कचऱ्यापासून खत करायचं मशीन, त्याला झेंडूची माळ, फीत कापताना तुम्ही, बाजूला आमचे चेअरमन आणि त्यांच्या मागे अर्धी दिसणारी मी. खाली लिहिलंय, यशस्वी पायलट, म्हणजे छोट्या प्रमाणावरचा प्रयोग जमला. इथपर्यंत ठीक होतं, फोटो काय सगळेच छापतात. पण पुढच्या पानावर असं लिहिलंय की या यशामुळे हेच मॉडेल आता ठाणे आणि नवी मुंबईतल्या आणखी सोसायट्यांमध्ये न्यायचं ठरलंय, आणि ते वाचल्यावर मात्र गप्प बसवेना.

साहेब, ते मशीन बंद आहे. पंप रूमच्या बाजूला ताडपत्री टाकून ठेवलंय, वरती तुमच्या संस्थेचा स्टिकर तेवढा अजून शाबूत आहे. आणि ते बंद आहे हे तुमच्या ऑफिसला लेखी कळवलेलंय, मेल केलेत, पोच आलेली आहे. तरीही अहवालात ते चालू आहे, खत देतंय, आणि आमच्या सोसायटीतली सगळी कुटुंबं त्याची लाभार्थी आहेत.

मी सोसायटीची सेक्रेटरी. महापेला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सासरे माथाडी कामगार, सातारकडचे, वाशीच्या मार्केटात ओझी वाहिली त्यांनी आणि त्यावर हे घर झालं, त्यामुळे सोसायटी म्हणजे आमच्यासाठी नुसता मेंटेनन्स भरायचा पत्ता नाहीये. तुमच्याबरोबरच्या करारावर सही माझी आहे, लाइट बिलाचा हिशोब जनरल बॉडीत मला द्यावा लागतो, वास आला की पहिल्या मजल्यावरच्या काकू बेल माझी वाजवतात. आणि आता आणखी एक, शेजारच्या सेक्टरमधल्या दोन सोसायट्यांनी तुमचा अहवाल वाचून मला फोन केला की मॅडम तुमच्याकडे छान चाललंय ना, आम्ही पण घेतोय. म्हणजे तुमच्या अहवालाला साक्षीदार म्हणून माझंच नाव लागतंय. म्हणून हे पत्र, आणि उघड्यावर, कारण बंद पाकिटातलं कुणी उघडलं नाही.

आधी हे मशीन आलंच कशाला ते सांगते, म्हणजे बाहेरच्यांनाही कळेल. मशीन आलं तेव्हा घनकचऱ्याचे 2016 चे नियम होते, त्यात दिवसाला सरासरी 100 किलोच्या वर कचरा करणारे म्हणजे मोठे कचरा उत्पादक, त्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. नियम चांगलाच आहे, तुर्भ्याच्या डम्पिंगवर सगळ्या गावाचा कचरा किती वर्षं नेऊन टाकणार. त्यामुळे इकडच्या प्रत्येक मोठ्या सोसायटीला उपाय हवाच असतो आणि डोक्यावर नोटिशीची भीती असते. अशा वेळी सरकारी संस्थेचा माणूस येऊन म्हणाला, मशीन फुकट, फक्त जागा आणि वीज तुमची. खाजगी कंपनीचा सेल्समन असता तर दहा प्रश्न विचारले असते लोकांनी, सरकारी शास्त्रज्ञ म्हटल्यावर कुणी काही विचारत नाही. तो विश्वास तुमच्या संस्थेने कमावलेला आहे, गेल्या कित्येक वर्षांच्या चांगल्या कामावर, आणि म्हणूनच तो असा खर्च झालेला बघवत नाही.

आता तक्रारी. पहिली, लाभार्थ्यांची. तुमचा आकडा कसा आला ते मी तुमच्याच तक्त्यावरून शोधून काढलं, आमचे एकूण फ्लॅट गुणिले चार. बस्स. त्यात कुलूप लावलेले फ्लॅट आले ज्यांचे मालक दुबईत आहेत, त्यात आयटी पार्कातली पोरं पाच-पाच जण राहतात आणि सगळं बाहेरून मागवतात ते आले, ज्यांचा ओला कचरा म्हणजे चहाचा चोथा. ज्या काकूंना वासाने खिडकी बंद ठेवावी लागली त्या पण लाभार्थी. मी पण. लाभ म्हणजे नेमकं काय झालं हे कुठेच लिहिलेलं नाही. कुणाच्या दारासमोर मशीन ठेवलं की तो लाभार्थी, असं असेल तर उद्या आमच्या गेटसमोरून गेलेली प्रत्येक एनएमएमटीची बस पण धरा.

दुसरी तक्रार मला जास्त लागलेली आहे. अहवालात एक रकाना आहे, महिला सक्षमीकरण आणि कौशल्य विकास. त्यात आमच्या सोसायटीची नोंद आहे, एक महिला प्रशिक्षित. मी विचारात पडले ही कोण. मग लक्षात आलं, आमच्या हाउसकीपिंगच्या मावशी! त्या दिघ्याहून येतात, सकाळी सातच्या आत. मशीन यायच्या आधी त्यांचं काम काय होतं, मजल्यामजल्यावरून हिरवा डबा निळा डबा खाली आणायचा, थोडं निवडायचं, घंटागाडीत द्यायचं, मग जिने आणि पार्किंग झाडायचं. मशीन आल्यावर त्यांनी ओल्या कचऱ्यातून हाडं, करवंट्या, आंब्याच्या कोया, दुधाच्या पिशव्यांचे तुकडे हाताने वेगळे काढायचे, कारण करवंटी गेली की श्रेडरची पाती अडकते, मग उरलेलं थोडं थोडं करून आत घालायचं, वर भुसा मोजून टाकायचा, कचरा कुजवणारी कल्चर पावडर टाकायची, बटण दाबून उभं राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी ड्रममधला माल खरवडून काढायचा जो इतका कोरडा आणि बारीक असायचा की काढताना नाकातोंडात जायचा. रोजचा तास-दीड तास वाढला. पगार एक रुपयाने वाढला नाही, कारण त्या कॉन्ट्रॅक्टरच्या माणूस आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो करारात खताचं काम नाही. हातमोजे उद्घाटनाच्या दिवशी मिळाले ते फाटले ते फाटले. प्रशिक्षण म्हणजे अर्ध्या तासाचं दाखवणं आणि एक लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, इंग्रजीत, ज्यावर त्यांचं आडनाव चुकलंय.

यात सक्षमीकरण कुणाचं झालं ते मला समजावून सांगा. मी टोमणा मारत नाहीये, खरंच विचारतेय. तंत्रज्ञानाचा सामाजिक परिणाम मोजायचा म्हणजे कुणाचं काम वाढलं, कुणाचं कमी झालं, कष्ट कुणाच्या अंगावर गेले आणि श्रेय कुणाच्या नावावर, हेच मोजायचं ना? आमच्या पूर्ण सोसायटीत या मशीनने जर कुणाचं आयुष्य खरोखर बदललं असेल तर ते मावशींचं, आणि तुमच्या फीडबॅक फॉर्मवर त्यांचा एक शब्द नाही. फॉर्म कमिटी मेंबरांनी भरला, उद्घाटनाच्या दिवशी, सामोसे खाताखाता. ट्रेनिंग कसं वाटलं, मशीनचा लुक कसा वाटला, एक ते पाच. मशीन तेव्हा एकदाही पूर्ण चाललेलं नव्हतं.

हीच तिसरी तक्रार, की मोजलं कधी. उन्हाळ्यात मशीन आलं, तुमच्याकडून एक प्रोजेक्टवरचा मुलगा यायचा. पोरगा खूप चांगला होता, सांगायलाच हवं, स्वतः बाह्या वर करून ड्रम साफ करायचा, वजनं लिहायचा, मावशींना ताई म्हणायचा. त्याच्या वहीत सगळं होतं, विजेचा एमसीबी कधी पडला, भुसा कधी संपला, पाती कशाने अडकली. मग त्याची मुदत संपली आणि तो गेला, आणि पाऊस सुरू झाला. घणसोलीचा पाऊस तुम्हाला माहीत असेल, पारसिकच्या डोंगरावर ढग टेकले की चार-चार दिवस हलत नाहीत. भुसा दमट, कचऱ्यात पाणीच पाणी, मशीन तासनतास चालायचं तरी माल ओलाच, कॉमन मीटरचं बिल बघून खजिनदारांनी मला रात्री फोन केला. नंतर मोटर जळली. टेक्निशियन येतो म्हणाला, पार्ट यायचाय म्हणाला, मग फोन उचलायचा बंद झाला. अहवालातले सगळे आकडे पावसाच्या आधीचे आहेत! कोकण किनाऱ्यावर कुठलंही यंत्र चाललं की नाही हे मे महिन्यात ठरवायचं? आणि त्या मुलाच्या वहीतलं एक पान तरी अहवालात यायला हवं होतं. त्यात जे लिहिलेलं होतं तेच खरं संशोधन होतं असं माझं मत आहे.

चौथं, खत. मी शास्त्रज्ञ नाही पण आमच्याकडे एक काका आहेत, शेती शाळेतून रिटायर झालेले. मशीनमधून पहिला माल आला तेव्हा सगळे खूश, चोवीस तासांत खत. काकांनी हातात घेतला, हुंगला, म्हणाले हे खत नाही, वाळवलेला कचरा आहे. त्यांनी सांगितलं ते असं, की स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात मुळात चारातले तीन हिस्से पाणीच असतं, हिटरने ते उडवलं की वजन धाडकन कमी होतं, तुमच्या अहवालात वजन घटल्याचा जो आलेख आहे तो बहुतेक पाणी उडाल्याचा आलेख आहे. खत व्हायचं म्हणजे जिवाणूंनी ते खाल्लं पाहिजे, त्याला कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 लागतं, ओल 50 ते 60 टक्के लागते, ढीग आपोआप आतून 55 अंशांच्या वर तापतो, मग हळूहळू निवतो आणि मुरतो, आणि याला आठवडे लागतात, एका दिवसात होत नाही. अर्धवट माल कुंडीत घातला आणि पाणी दिलं की तो तिथे परत कुजायला लागतो. झालंच तसं. बागेतल्या मोगऱ्याला घातला, बुरशी आली, चिलटं आली, मोगरा पिवळा पडला.

आणि काकांनी आणखी एक केलं जे तुमच्या प्रयोगशाळेने करायला पाहिजे होतं. माल पाण्यात भिजवून गाळला, ते पाणी बशीतल्या कापसावर टाकून वर हळिवाचे दाणे पसरले, दुसऱ्या बशीत नुसतं पाणी. बाळंतिणीच्या लाडवातला हळीव, तोच. खत मुरलंय की नाही हे बघायला जगभरातल्या लॅबमध्ये हळीव वापरतात म्हणे, कारण तो चटकन रुजतो आणि कच्चं खत असेल तर लगेच मान टाकतो. साध्या पाण्यातला हळीव हिरवागार, आपल्या मालाच्या बशीत जेमतेम काही दाणे फुटले तेही काळपट. दहा रुपयांची तपासणी. अहवालात पेटंट अर्ज एक, शोधनिबंध दोन, टीआरएल आठ असं सगळं आहे, खत रुजवतं की जाळतं हे कुठेच नाही.

या टीआरएलबद्दल थोडं बोलू द्या, कारण तुमच्या पूर्ण अहवालाचा कणा तोच दिसतोय. तंत्रज्ञान किती तयार आहे याची ही नऊ पायऱ्यांची मोजपट्टी, ती नासाने काढली, अवकाशयानात बसवायचे भाग किती भरवशाचे हे ठरवायला. त्या कामाला ती उत्तम असणार. पण अंतराळात मावशी नसतात, करवंट्या नसतात, कॉमन मीटर नसतं, आणि जनरल बॉडी तर नसतेच. मशीन चालतं का एवढंच ती सांगते, लोक ते चालवतील का, परवडेल का, चालवणाऱ्याचं काय होईल हे ती सांगत नाही, तिने सांगावं अशी अपेक्षाही नाही. डेन्मार्कच्या सरकारी इनोव्हेशन फंडाने म्हणून समाजाच्या तयारीची वेगळी नऊ पायऱ्यांची पट्टी केलीये. आपण त्यांचीच घ्या असं मी म्हणत नाही, पण यंत्राच्या पट्टीने माणसं मोजू नका.

पाचवं पटकन सांगते. तुलना कशाशी केली? कशाशीच नाही. मशीन विरुद्ध काहीच नाही अशी तुलना केली की मशीन जिंकणारच. आम्ही आता मागच्या भिंतीला विटांची जाळीदार टाकी बांधलीये, ओला कचरा आणि सेक्टरमधला वाळका पालापाचोळा थर देऊन टाकतो, आठवड्याला वरखाली करतो, दीड-दोन महिन्यांत खत मिळतं. वीज शून्य. कटकट आहे, पावसात वरून पत्रा लागतो, अळ्याही होतात कधीकधी, आणि जागा मशीनपेक्षा जास्त जाते हे कबूल. वरखाली करायला एक माणूस लावतो, त्याचे पैसे वेगळे देतो. ही पद्धत काही आमची अक्कल नाही, जुनीच आहे. पण सरकारी पैशाने तंत्रज्ञान तपासताना त्याच कामाचा स्वस्तातला जुना उपाय बाजूला ठेवून बघायचा नाही, मग तपासलं काय?

आणि सगळ्यात शेवटी तपासणाऱ्याचा प्रश्न. मशीन ज्या विभागाने बनवलं त्याच विभागाने त्याचं मूल्यमापन लिहिलंय, नावं दोन्हीकडे तीच आहेत. आमच्या अकाउंट्समध्ये ज्याने व्हाउचर बनवलं त्याच्याकडून ऑडिट करून घेत नाहीत, तो कितीही सज्जन असला तरी.

तुम्ही म्हणाल एका सोसायटीवरून एवढं काय. पण हे आपल्या देशात आधी घडलेलं आहे साहेब, आणि दोन्ही बाजूंनी घडलेलं आहे. निर्धूर चुली आठवतात? 1980 च्या दशकात केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, 2002 पर्यंत चालला, तीन कोटींच्या वर चुली बसवल्या. आमच्या सासूबाईंच्या माहेरीही एक आली होती. मोजल्या गेल्या त्या बसवलेल्या चुली, आणि लोक जेव्हा खरोखर घरात जाऊन बघायला लागले तेव्हा कितीतरी चुली मोडलेल्या, धुरांडं बुजलेल्या, किंवा सरळ काढून टाकलेल्या निघाल्या. हेतू वाईट नव्हता, बाईच्या डोळ्यातला धूर कमी व्हावा यात वाईट काय. पण टार्गेट बसवण्याचं होतं, वापराचं नव्हतं, त्यामुळे चूल कुठे चुकतेय हे वेळेत वरपर्यंत पोचलंच नाही.

याच्या उलट हातपंप. 1970 च्या दशकात खेड्यापाड्यांत बोअर मारून बिडाचे हातपंप बसवले होते, ते मुळात एका घराच्या वापरासाठीच्या नमुन्यावर होते आणि आख्खं गाव दिवसभर दांडा हलवणार, टिकणार कसे. तपासणी झाली तेव्हा बहुतांश बंद सापडले. तेव्हा कुणी बोअरच्या आकड्याची यशोगाथा छापत बसलं नाही, बंद पंप मोजले, का मोडतात ते बघितलं. आणि मजा म्हणजे चांगल्या पंपाचं मूळ आपल्या महाराष्ट्रात होतं, जालना आणि सोलापूरकडे ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी दुष्काळी गावांसाठी जे मजबूत पंप बनवले होते त्यावरून पुढे इंडिया मार्क टू आला, आणि त्याच्यानंतर मार्क थ्री, ज्यात दुरुस्तीला सगळे पाइप उपसायला लागू नयेत, गावातल्या माणसाला जमावं असा विचार केला. बंद पडलेलं मोजलं म्हणून चालणारं मिळालं. आमचं बंद मशीन तुम्हाला तेवढ्यासाठी तरी उपयोगी पडलं असतं, तुम्ही बघायला आला असतात तर.

आणि तंत्रज्ञान असं तपासणं, लोकांना विचारणं हे काही नवं फॅड नाही. अमेरिकेत 1972 ला संसदेने तंत्रज्ञान मूल्यमापनाचं स्वतंत्र ऑफिस काढलं होतं, 1995 ला खर्चाचं कारण देऊन बंद केलं ती त्यांची गोष्ट. डेन्मार्कमध्ये 1987 पासून साध्या नागरिकांचं पॅनल बसवून तज्ज्ञांना त्यांच्यासमोर उत्तरं द्यायला लावायची पद्धत होती. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाच्या परीक्षेत 2014 ला समाजावरच्या परिणामाला 20 टक्के वजन होतं, 2021 ला ते 25 झालं, आणि त्याला पुरावा जोडावा लागतो. तिथेही लोक रंगवून सांगत असतीलच, माणूस तोच सगळीकडे, पण निदान पुरावा मागतात तरी. आपल्याकडे तंत्रज्ञानाचा अंदाज आणि मूल्यमापन यासाठी टायफॅक ही केंद्राची संस्था 1988 मध्येच निघाली. बीटी वांग्याच्या वेळी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यात आपलं नागपूरही होतं, शेतकरी शास्त्रज्ञ सगळे भांडले, आणि मग निर्णय कारणांसकट जाहीर केला. निर्णय पटो न पटो, असं करता येतं हे दिसलं. एका बियाण्यासाठी सात शहरं होऊ शकतात, तर एका मशीनसाठी तुमच्या कँपसपासून घणसोलीपर्यंत यायला काय हरकत आहे.

तुमच्याच विज्ञान तंत्रज्ञान विभागाने 2022 मध्ये वैज्ञानिक सामाजिक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात प्रत्येक शास्त्रज्ञाने वर्षाला किमान 10 दिवस समाजासाठी द्यावेत असं आहे. शाळांमध्ये जाऊन भाषणं देणं चांगलंच, पण त्यातला एक दिवस आपण बसवलेली मशीनं चालू आहेत का ते बघण्यात घालवला तर?

मागण्या लिहिते. शिवीगाळ नाही, कुणाची बदली बिदली नको, चौकशी समितीही नको मला.

एक, अहवालातली आमची नोंद दुरुस्त करा. यशस्वी काढा, बंद कधी पडलं, का पडलं ते लिहा, मेलच्या प्रती मी परत पाठवते. फोटो ठेवायचा असेल तर आजचा काढून ठेवा.

दोन, पुढच्या सोसायट्यांना मशीन देण्याआधी थांबा. आत्तापर्यंत जिथे जिथे बसवलंय तिथे तिथे न सांगता जा, निदान एक पूर्ण पावसाळा मध्ये गेल्यावर जा, आणि जाणारे लोक मशीन बनवणाऱ्या विभागाचे नसावेत. किती चालू, किती बंद, हे दोन्ही आकडे छापा. सगळी बंद निघाली तरी छापा, त्याने तुमची अब्रू जाणार नाही उलट आमच्यासारख्यांचा विश्वास वाढेल.

तीन, जो मशीन चालवतो त्याला विचारा. मराठीत किंवा हिंदीत, कमिटी मेंबर आणि कॉन्ट्रॅक्टर समोर नसताना, आणि त्या वेळेचे पैसे देऊन, कारण मावशींचा अर्धा तास म्हणजे दुसऱ्या बिल्डिंगचं काम असतं. त्यांचं काम किती वाढलं, तब्येतीला काय झालं, हे अहवालात वेगळं लिहा, लाभार्थ्यांच्या आकड्यात घालून पुसून टाकू नका. आणि तो सक्षमीकरणाचा रकाना, तो कृपा करून आधी काढा.

चार, खर्च पूर्ण लिहा, वीज, भुसा, पावडर, दुरुस्ती आणि मजुरी. फुकट मशीनचा महिन्याचा खर्च किती हे घेणाऱ्याला सही करायच्या आधी कळलं पाहिजे. बाजूला विटांच्या टाक्यांचा खर्च लिहा आणि दोन्हीकडच्या खतावर हळीव पेरून दाखवा.

पाच, हे सगळं मराठीत द्या. ही मेहेरबानी मागत नाहीये. माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा, कलम 4, त्यात स्वतःहून माहिती जाहीर करायला सांगितलंय आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करा असंही त्याच कलमात आहे. आमच्यावर लिहिलेला अहवाल आमच्या चेअरमनना वाचता येत नाही, त्यांनी तो फोटोपुरता बघितला आणि घरी नेऊन नातवाला दाखवला.

सहा, आमचं मशीन. करारानुसार मालकी तुमची आहे त्यामुळे आम्हाला भंगारात देता येत नाही, आणि चार स्कूटरची पार्किंगची जागा अडलीये. दुरुस्त करा नाहीतर घेऊन जा. दुरुस्त केलंत तर ते चालवायचं की नाही हे जनरल बॉडी ठरवेल आणि त्या मीटिंगला मावशी पण बसतील, तसा ठराव मी मांडणार आहे.

ज्या सोसायट्या सध्या विचार करतायत त्यांनी रविवारी सकाळी आमच्याकडे यावं, ताडपत्री काढून दाखवते, टाकीही दाखवते, दोन्हीची बिलंही दाखवते. संचालक साहेब, तुम्हालाही हेच निमंत्रण आहे, फक्त तुम्ही कामाच्या दिवशी सातच्या आत या, म्हणजे मावशी भेटतील. उत्तर लेखी द्यावं ही विनंती, पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे, तिथे मी हे पत्र आणि तुमचं उत्तर दोन्ही वाचून दाखवणार आहे, आणि उत्तर आलं नाही तर तसं सांगणार आहे.

आपली,
एका गृहनिर्माण सोसायटीची सेक्रेटरी
घणसोली, नवी मुंबई